विश्लेषण : गावकऱ्यांच्या मालकीची वीज संस्था का टिकली नाही? ‘मुळा-प्रवरा’ची चाळीस वर्षे काय सांगतात?

साखर कारखाना, दूध संघ, सूतगिरणी, पतपेढी... सहकाराने ग्रामीण महाराष्ट्रात काय काय उभे केले याची यादी सांगताना एक नाव बहुधा राहून जाते. अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील १८३ गावांत तब्बल ४० वर्षे वीज वाटण्याचे काम सरकारी मंडळाकडे नव्हते. ते ग्राहकांच्याच मालकीची एक सहकारी संस्था करत होती. ‘मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ हे तिचे नाव. ३१ जानेवारी २०११ रोजी तिचा परवाना संपला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या तारांमधून ‘महावितरण’ची वीज वाहू लागली. शेतीपंपांच्या वीजबिलाचा प्रश्न आजही सुटलेला नसताना या संस्थेचा प्रवास पुन्हा तपासून पाहण्यासारखा आहे.

वीज सहकारी संस्था म्हणजे नेमके काय?

साखर कारखान्यात ऊस घालणारा शेतकरी सभासद असतो, तसा येथे वीज वापरणारा ग्राहक सभासद असतो. तो भागभांडवल भरतो, सर्वसाधारण सभेत बसतो, संचालक निवडतो. ‘एक सभासद, एक मत’ हे तत्त्व येथेही लागू असते, मग घरात दोन दिवे असोत किंवा शेतात तीन मोटरी. अशा बहुतेक संस्था स्वतः वीज तयार करत नाहीत. त्या मोठ्या उत्पादकाकडून किंवा राज्याच्या वीज मंडळाकडून घाऊक दराने वीज घेतात आणि स्वतःच्या खांब, तारा व रोहित्रांमधून गावोगावी पोहोचवतात. मीटर वाचणे, बिल वाटणे, वसुली, जळालेली डीपी बदलणे, वादळात पडलेला खांब उभा करणे ही सगळी कामे संस्थेची. घाऊक खरेदी आणि किरकोळ विक्री यांतील फरकातून हा सगळा खर्च आणि कर्जाचे हप्ते भागायला हवेत, एवढे साधे त्याचे अर्थशास्त्र आहे.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतून. १९३०च्या दशकात तेथील शहरे झगमगत होती, पण शेतांवरच्या घरांपैकी जेमतेम दहात एका घरात वीज होती. विरळ वस्तीत मैलोगणिक तारा ओढणे खासगी कंपन्यांना परवडत नव्हते. शेतकऱ्याकडे तारा टाकण्याचा सगळा खर्च मागितला जाई आणि तो त्याच्या आवाक्याबाहेर असे. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ११ मे १९३५ रोजी आदेश काढून ‘रूरल इलेक्ट्रिफिकेशन अॅडमिनिस्ट्रेशन’ स्थापन केले. पुढच्या वर्षी सिनेटर जॉर्ज नॉरिस आणि सॅम रेबर्न यांच्या पुढाकाराने त्याला कायद्याचा आधार मिळाला. सरकारने कमी व्याजाचे, दीर्घ मुदतीचे कर्ज देऊ केले. खासगी कंपन्यांनी फारसा रस दाखवला नाही, तेव्हा शेतकऱ्यांनीच संस्था काढल्या. पाच डॉलर भरून सभासद व्हायचे, शेजाऱ्यालाही तयार करायचे, पुरेशी घरे जमली की कर्जासाठी अर्ज करायचा, अशी ही पद्धत होती.

खर्च कमी करण्यासाठी अभियंत्यांनी रचनाही बदलली. हलकी पण मजबूत तार, दोन खांबांमधले जास्त अंतर, सगळीकडे एकाच मापाचे साहित्य आणि खड्डे खणणारी, खांब उभे करणारी व तारा ओढणारी वेगवेगळी पथके. १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहापैकी नऊहून अधिक शेतघरांत वीज पोहोचली होती. या संस्थांनी १९४२ मध्ये ‘नॅशनल रूरल इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह असोसिएशन’ हा आपला महासंघ स्थापन केला. अमेरिकेत आजही सुमारे ९०० वीज सहकारी संस्था आहेत आणि देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर त्यांच्याच तारा आहेत.

भारतात ती कशी पोहोचली?

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशातील जेमतेम दीड हजार खेड्यांत वीज होती. पहिल्या योजनांमध्ये खेड्याची वीज ही सामाजिक सोय मानली जाई. १९६५ ते १९६७च्या दुष्काळांनी हा दृष्टिकोन बदलला. धान्य हवे तर पाणी हवे, पाणी हवे तर विहिरीवर मोटर हवी, म्हणजे वीज शेतीच्या उत्पादनासाठी हवी, हे धोरणकर्त्यांनी मानले. ग्रामीण पतपुरवठ्याचा आढावा घेणाऱ्या वेंकटप्पय्या समितीने ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र वित्तसंस्था असावी अशी शिफारस केली आणि जुलै १९६९ मध्ये ‘रूरल इलेक्ट्रिफिकेशन कॉर्पोरेशन’ म्हणजे ‘आरईसी’ स्थापन झाली.

तिच्या सुरुवातीच्या निधीत ‘पीएल-४८०’च्या रुपयांचा मोठा वाटा होता. दुष्काळाच्या काळात रेशनवर मिळालेला अमेरिकी गहू आणि मिलो आजच्या ज्येष्ठांना आठवत असेल. त्या धान्याची किंमत भारताने रुपयांत चुकवली होती आणि त्या रुपयांतील काही भाग असा खांब-तारांसाठी वापरला गेला. अमेरिकी मदत संस्था ‘यूएसएड’ आणि तेथील वीज सहकारी महासंघाच्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने देशात पाच ठिकाणी प्रयोग करायचे ठरले. महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, गुजरातेत कोडिनार, कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशात लखनौ. पुढे अशा संस्थांची देशातील संख्या चाळीसच्या आसपास गेली.

मुळा-प्रवरा परिसराचीच निवड का?

या भागात सहकाराची जमीन आधीच नांगरलेली होती. विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने लोणीजवळ उभा केलेला, १९५० मध्ये सुरू झालेला प्रवरा कारखाना आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जातो. भंडारदऱ्याच्या पाण्यावर प्रवरेचे कालवे आधीपासून वाहत होते आणि राहुरी तालुक्यात बारागाव नांदूर येथे मुळा धरणाचे काम सुरू होते. राहुरीलाच कृषी विद्यापीठ आले होते. ऊस, विहिरी आणि कालव्याच्या पाझराचे पाणी असल्यामुळे मोटरींना मागणी येणार हे उघड होते. सभासद, भागभांडवल, वार्षिक सभा हे शब्द येथील शेतकऱ्याला नवे नव्हते.

श्रीरामपूर येथे मुख्यालय असलेल्या संस्थेने १ फेब्रुवारी १९७१ पासून वीजपुरवठ्याची जबाबदारी घेतली. आजचे श्रीरामपूर, राहाता, राहुरी, संगमनेर आणि नेवासा हे तालुके पूर्णतः किंवा अंशतः तिच्या क्षेत्रात येत. वीज राज्य विद्युत मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि वाटायची, हेच तिचे काम होते. पुढच्याच वर्षी राज्यात भीषण दुष्काळ पडला आणि विहिरीवरच्या मोटरीचे मोल प्रत्येकाला कळले. कनेक्शनसाठी मंडळाच्या दूरच्या कार्यालयात खेटे घालण्याऐवजी श्रीरामपूरला संचालकाला गाठता येते, हा फरक ग्राहकांना जाणवणारा होता. संस्थेच्या ग्राहकांची संख्या पुढे लाखाच्या वर गेली. विखे पाटील घराण्याचे नेतृत्व संस्थेला दीर्घकाळ मिळाले. त्यामुळे जिल्ह्याच्या राजकारणात तिचे वजन होते आणि ती टीकेच्या केंद्रस्थानीही राहिली.

गणित कुठे बिघडले?

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात राज्यात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीनुसार, म्हणजे एचपीवर बिल लावण्याची पद्धत आली. मीटर वाचण्याचा त्रास वाचला आणि शेतकऱ्याला वर्षाचे बिल आधीच कळू लागले. पण वाटप करणाऱ्या संस्थेसाठी ती अवघड ठरली. एक काल्पनिक उदाहरण पाहू. पाच एचपीची मोटर तासाला पावणेचार युनिटच्या आसपास वीज घेते. वर्षात ती १२०० तास चालली तर साधारण ४५०० युनिट लागतात. समजा संस्थेला घाऊक वीज एक रुपया युनिटने पडते आणि शेतकऱ्याला एचपीमागे वर्षाला ४०० रुपये आकारले जातात. मग वीज घ्यायला लागले ४५०० रुपये आणि बिल झाले २००० रुपये. उसाला पाणी जास्त लागले आणि मोटर २००० तास चालली तर खरेदीचा खर्च साडेसात हजारांवर जातो, बिल मात्र तेच दोन हजार राहते. म्हणजे वीज जितकी जास्त विकावी तितका तोटा वाढतो.

दुसरीकडे, घाऊक वीज मीटरवर मोजून घ्यावी लागत होती. आत येणारे प्रत्येक युनिट मोजलेले आणि बाहेर जाणारे बरेचसे न मोजलेले, अशी ही स्थिती होती. त्यामुळे शेतात खरोखर किती वीज गेली, लांबच लांब लघुदाब वाहिन्यांवर किती गळाली आणि आकडे टाकून किती चोरली गेली, याचा हिशेब वेगळा करता येईना. गळती लपवायची असेल तर ती ‘शेतीचा वापर’ या रकान्यात टाकणे सोपे जाते. ही अडचण एकट्या मुळा-प्रवरापुरती नव्हती, देशभरातील वीज मंडळांत ती होती.

मग मंडळ टिकले आणि संस्था का अडचणीत आली?

येथे मुख्य फरक ग्राहकांच्या रचनेचा आहे. राज्य मंडळाकडे शेतकरी होते, तसे पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक, औरंगाबादचे कारखानेही होते. उद्योगांना आणि व्यापाऱ्यांना खर्चापेक्षा जास्त दर लावून शेतीचा तोटा काही प्रमाणात भरून काढता येतो. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. १८३ गावांच्या संस्थेकडे असा आधार तोकडा होता. तिचा मोठा ग्राहक म्हणजे शेतकरीच. त्याला वीज किती स्वस्त द्यायची हे राज्याच्या धोरणाने ठरायचे आणि मंडळाची वीज किती महाग घ्यायची यावरही तिचे नियंत्रण नव्हते. दोन्ही दर बाहेर ठरत असताना मधला तोटा भरून निघण्यासाठी सरकारी अनुदानाकडेच पाहावे लागे. अनुदान कमी पडले किंवा उशिरा आले की पहिली झळ मंडळाच्या बिलाला बसे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मालक आणि ग्राहक एकच असला की वसुलीत कडकपणा येईल, शेजाऱ्याची चोरी शेजारी खपवून घेणार नाही, अशी सहकाराची अपेक्षा असते. अमेरिकेत ती बऱ्याच अंशी खरी ठरली, कारण तेथे प्रत्येक शेतघराला मीटर होता आणि बिल न भरल्यास वीज तोडली जाई. येथे थकबाकीदार हाच मतदार होता. संचालक मंडळाच्या निवडणुकीतही आणि विधानसभेच्याही. वायरमनने तोडलेले कनेक्शन फोनवर जोडून देणारा पुढारी लोकप्रिय होतो. गळती आणि थकबाकी आवरण्यात संस्था अपयशी ठरली, असा आक्षेप मंडळाकडून आणि विरोधकांकडून सातत्याने घेतला गेला.

शेतकऱ्याची बाजूही यात आहे. वर्षाचे बिल ठरलेले, पण वीज मिळायची ती आठ तास, तीही बरेचदा रात्री. कडाक्याच्या थंडीत, साप-विंचवाच्या भीतीत बारे द्यायला जाणाऱ्या माणसाला ‘वीज स्वस्त आहे’ हे सांगून पटत नाही. कमी दाबाने मोटर जळाली तर दुरुस्तीचा खर्च त्याचाच. अशी सेवा मिळत असेल तर बिल भरण्याची इच्छा कमी होते, बिल भरले नाही की सेवा सुधारायला पैसा उरत नाही, असे हे दुष्टचक्र आहे.

२०११ मध्ये नेमके काय झाले?

वीज कायदा २००३ आला, २००५ मध्ये विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम ‘महावितरण’कडे गेले आणि दर ठरवण्याचे अधिकार सरकारऐवजी राज्य वीज नियामक आयोगाकडे होते. तोवर संस्थेकडील थकबाकीचा डोंगर मोठा झाला होता. महावितरणचा दावा दोन हजार कोटी रुपयांहून अधिक होता. त्यातील बराच भाग व्याज आणि चुकीच्या घाऊक दरांमुळे वाढला, शेतीच्या स्वस्त विजेचा बोजा सरकारने पूर्णपणे उचललाच नाही, अशी संस्थेची बाजू होती.

परवान्याची मुदत संपत आली तेव्हा आयोगाने इच्छुकांकडून प्रस्ताव मागवले, सुनावण्या घेतल्या आणि जानेवारी २०११च्या अखेरीस या क्षेत्राची जबाबदारी महावितरणकडे सोपवली. १ फेब्रुवारीपासून ग्राहकांच्या बिलावरचे नाव बदलले. संस्था मात्र कागदावर संपली नाही. खांब, तारा, उपकेंद्रे तिच्या मालकीची होती. त्यांच्या वापरापोटी मोबदला किती आणि कसा द्यायचा, परवाना देताना योग्य प्रक्रिया पाळली गेली का, हे वाद वीज अपिलीय न्यायाधिकरणापर्यंत गेले. शेकडो कर्मचाऱ्यांपुढे नोकरीचा प्रश्न उभा राहिला. ज्या सभासदांनी भाग घेऊन संस्था उभी केली, त्यांच्यासाठी निर्णय मुंबईतील सुनावणीत झाला. वार्षिक सभेत वर्षानुवर्षे मालक म्हणून बसलेला माणूस एका रात्रीत पुन्हा नुसता ग्राहक झाला.

बाकीच्या संस्थांचे काय झाले?

देशातील बहुतेक वीज सहकारी संस्था एकेक करून राज्य मंडळांत किंवा वितरण कंपन्यांत विलीन झाल्या. पहिल्या पाचांपैकी दोन आजही तग धरून आहेत. बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची संस्था तिच्या तालुक्यात वीज वाटते आणि तिची निवडणूक साखर कारखान्याच्या निवडणुकीइतकीच चुरशीने लढली जाते. तेलंगणातील सिरसिल्ला हे यंत्रमागांचे गाव. शेतीपंपांबरोबर हजारो माग तेथील संस्थेच्या विजेवर चालतात. तेथेही संचालकपदासाठी पक्ष उघडपणे मैदानात उतरतात.

अमेरिकी महासंघाच्याच सल्ल्याने बांगलादेशाने १९७७ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण मंडळ स्थापन केले आणि त्याच्या छत्राखाली ‘पल्ली विद्युत समित्या’ काढल्या. आज त्या ८० आहेत आणि देशातील बहुसंख्य वीजग्राहक त्यांचे आहेत. तेथे सुरुवातीपासून दोन गोष्टींचा आग्रह धरला गेला. नवी वाहिनी टाकण्याआधी त्यातून उत्पन्न किती येईल हे तपासायचे आणि सिंचनाच्या पंपासह प्रत्येक जोडणीला मीटर लावायचा. तोट्यातील समितीला नफ्यातील समितीकडून आणि मंडळाकडून आधार मिळण्याची सोयही ठेवली गेली. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. मंडळाच्या वर्चस्वाविरोधात समित्यांच्या कर्मचाऱ्यांनी २०२४ मध्ये मोठे आंदोलन केले.

आज याचा संबंध काय?

वीज कायदा २००३ ग्रामीण भागात पंचायती, वापरकर्त्यांच्या संघटना आणि सहकारी संस्थांना वितरणात येण्याची वाट मोकळी ठेवतो. प्रत्यक्षात त्या वाटेने फारसे कुणी आलेले नाही. राज्यात एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाली असून बिल सरकार भरणार आहे. जोवर सरकार वेळेवर पैसे देते तोवर ही व्यवस्था चालेल. ते थांबले की मुळा-प्रवराला आलेला अनुभव मोठ्या प्रमाणावर येऊ शकतो. फरक एवढाच की महावितरणचा तोटा राज्यभरातील ग्राहकांच्या दरात पसरवता येतो, १८३ गावांच्या संस्थेला ती सोय नव्हती.

सौर ऊर्जेने मात्र सहकाराला वेगळी संधी दिली आहे. गुजरातच्या खेडा जिल्ह्यातील धुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी सुरू केली. मोटर चालवून उरलेली वीज ते वितरण कंपनीला विकू लागले. विकलेल्या प्रत्येक युनिटला पैसे मिळत असल्याने तेथे मीटर शेतकऱ्यालाच हवा असतो आणि पाणी उपसतानाही हात आखडता राहतो. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून गावालगत सौर प्रकल्प उभे राहत आहेत. त्यात गावाची भूमिका बहुतेक ठिकाणी जमीन भाड्याने देण्यापुरतीच आहे. शेतकऱ्यांच्या संस्थांना त्यात मालकी मिळणार असेल तर तीन गोष्टी आधी ठरायला हव्यात : प्रत्येक युनिटची मोजणी, स्वस्त विजेचा फरक कोण आणि कधी भरणार याचा लेखी करार, आणि थकबाकीदारावर कारवाई करताना संचालकांच्या हाती नसलेली यंत्रणा. मुळा-प्रवराकडे सभासद होते, कर्ज होते, तारा होत्या आणि कामाची उमेदही होती. या तीन गोष्टी मात्र तिच्याकडे नव्हत्या.